स्टीलच्या सिंकवर, शेगडीवर गंज? या चुका टाळा

नवी शेगडी किंवा सिंक वर्षभरात गंजलं की पहिला संशय दुकानदारावर जातो, "स्टील हलकं दिलंय." कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा तो गंज आपल्याच घासण्याने आलेला असतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि तोच गंज अडवतो. ओरखडा पडला तरी तिथे हवा पोहोचली की थर पुन्हा धरतो. फक्त मीठ, क्लोरीन आणि साधं लोखंड यांच्यापासून त्याला जपावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक तारेच्या घासणीची. दूध उतू जाऊन करपलं की हात तिकडेच जातो. लोखंडी तारेचे बारीक कण स्टीलवर रुतून बसतात, ओले राहतात आणि दोन-तीन दिवसांत तपकिरी ठिपके उठतात. खरं तर गंजलेला असतो तो तारेचा चुरा. करपलेल्या जागेवर गरम पाण्यात बुडवलेलं जाड फडकं पंधरा-वीस मिनिटं टाकून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट लावून मऊ स्पंजने पुसा. स्टीलवरच्या बारीक रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने हात फिरवायचा, गोल गोल नाही. ताजे ठिपके याच पेस्टने निघतात. लोखंडी तवा किंवा विळी रात्रभर सिंकमध्ये ओली ठेवली, तरी असाच डाग उठतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सिंकला वास आला म्हणून त्यात ब्लीच किंवा संडास साफ करायचं ॲसिड ओततात. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट आणि त्या ॲसिडमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन्ही स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. शिवाय ही दोन एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून ती एकापाठोपाठ एक तर कधीच ओतू नका. चुकून सांडलं असेल तर खिडकी उघडून त्या जागी लगेच भरपूर पाणी सोडा. लोणच्याचा खार किंवा मिठाचं पाणी सांडलं, तर तेही तेवढ्यातच धुऊन टाकावं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे क्षार. ते घासून जात नाहीत, स्टीलला मात्र चरे पडतात. निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाच मिनिटं लावून ठेवा, धुवा आणि कोरडं पुसा. रोज रात्री ओटा आवरताना सिंक सुती फडक्याने कोरडं केलं, तर हे डाग साचणारच नाहीत.

चिमणीच्या जाळीबाबत एकच तपासा, ती स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची. स्टीलची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवली की चिकटा सुटतो. ॲल्युमिनियमची मात्र याच पाण्यात काळी पडते. तिला फक्त लिक्विड.

शेगडीवर स्प्रे थेट मारू नका. पाणी नॉबच्या आत शिरतं, आणि शेगडी गरम असेल तर स्प्रे वाळून डाग राहतो. फडक्यावर घ्या आणि मग पुसा. फ्रिजच्या स्टीलसारख्या दाराला अनेकदा वरून पारदर्शक लेप असतो. त्याला ओलं मायक्रोफायबर पुरे, सोडा किंवा पावडर लावू नये.

कोकणपट्टीत, समुद्रालगत राहत असाल तर हवेतलं मीठही स्टीलवर बसतं. 304 या चांगल्या दर्जाच्या स्टीलवरही तिथे ठिपके येतात, म्हणून चिमणीचा बाहेरचा भागसुद्धा आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने पुसून कोरडा करा.

डाग निघाल्यावर त्या जागेवरून नख फिरवून पाहा. नख अडलं तर खड्डा पडलाय, तो पॉलिशने भरत नाही. सिंकमध्ये असा खड्डा असेल तर खालच्या बाजूला ओल येते का, हे अधूनमधून हात लावून बघत जा.