परभणी ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ कशी काढायची

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर मोबाइल सांगतो : साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी तेवढी ठेवू नका, पृथ्वी सपाट नाही. शाळेतला पृथ्वीगोल घेऊन दोन शहरांमध्ये दोरा ताणा. तो आफ्रिकेकडे वळतच नाही. रशियावरून चढत आइसलंडजवळून खाली उतरतो. विषुववृत्त ४०,००० किलोमीटरचं. दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा कमीच भरेल.

अंतराला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवा. जाताना वारा समोरून, म्हणून वर तास-दोन तास धरा. येताना तोच वारा पाठीशी असतो.

आता खरी गोम. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, पंधरा जानेवारीला मुंबईहून रात्री १:३० ला निघालात, न्यूयॉर्कला सकाळी ७:३० ला उतरलात. 'सहा तासांत अमेरिका!' असं म्हणणारे काका मला दरवर्षी भेटतात. उतरायची वेळ आधी आपल्या घड्याळात आणा : न्यूयॉर्क १०:३० तास मागे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ६. प्रवास साडेसोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक ९:३० होतो, कारण घड्याळ तिकडचे लोक पुढे करतात, आपण नाही. 'एवढे तास मिळवा, तेवढे वजा करा' असली सूत्रं पाठ करू नका. येताना ती उलटतात आणि माणूस फसतो. दोन्ही वेळा भारतीय करायच्या, मग वजाबाकी.

याहून वाईट फजिती तारखेची. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो. पंचांगही तेच सांगतं. 'पंधराची रात्र' म्हटलं की आपण पंधराला जेवून-खाऊन निघतो. विमानाची पंधरा मात्र चौदाच्या मध्यरात्रीलाच सुरू झालेली असते. माझ्या दाजींना मीच पंधराच्या रात्री विमानतळावर नेलं. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. दाजी काही बोलले नाहीत, आक्का मात्र अजून बोलते. तेव्हापासून कुणाचंही तिकीट हातात आलं आणि वेळ रात्री १२ ते पहाटे ५ मधली दिसली, की मी पेनाने वर आदली तारीख लिहितो : 'चौदाला जेवून निघा.' व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर.

सोबत तीन तास आधी पोचायचं धरलं, तर चौदाच्या रात्री साडेदहाला विमानतळ. म्हणजे परभणीहून तेराची देवगिरी एक्स्प्रेस. चौदाच्या सकाळी मुंबईत उतराल, दिवसभर नातेवाइकाकडे पडून राहा. चौदाच्या दिवसा गाडी करून निघू म्हणणाऱ्यांनी घाटात अडकल्यावर मला फोन करू नये.