वाऱ्यावर वाहत गळ टाकताना: लहान बोटीसाठी सी अँकर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर गेले की भिगवण येते आणि उजनीचे पाणी दिसू लागते. उन्हाळ्यात तेथे सकाळी वारा पडलेला असतो, पण दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की चार मीटरची हलकी बोट ताशी दोन किलोमीटर वेगाने सहज वाहू लागते. हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु त्याचा अर्थ मिनिटाला ३३ मीटर असा होतो. तळाशी फिरणाऱ्या शिंगाळ्याने आमिष हुंगेपर्यंत ते पुढे निघून गेलेले असते आणि गळाची दोरी तिरपी होऊन आमिष तळापासून उचलले जाते. अशा वेळी नेहमीचा नांगर टाकला तर बोट एकाच जागी अडकते आणि वाहत जाऊन मासा शोधण्याचा हेतूच संपतो. सी अँकर या दोन्हींच्या मधला मार्ग आहे.

नावात अँकर असले तरी हे साधन तळाला टेकत नाही. ती मजबूत कापडाची, दोन्ही टोकांना उघडी अशी शंकूच्या आकाराची पिशवी असते. तिच्या रुंद तोंडातून पाणी आत शिरते, मागच्या लहान भोकातून थोडेथोडे बाहेर पडते आणि आत कोंडलेले पाणी बोटीला मागे ओढून धरते. साडेतीन ते साडेचार मीटरच्या बोटीला ६० ते ९० सेंटिमीटर व्यासाचे तोंड साधारणपणे पुरते. मोठ्या आकाराचा मोह धरण्यापूर्वी एक हिशेब ध्यानात घ्यावा. ओढ ही तोंडाच्या क्षेत्रफळाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे त्याच वाऱ्यात वेग आणखी निम्मा करायचा असेल तर व्यास जवळजवळ दुप्पट लागतो, आणि तेवढी पाण्याने भरलेली पिशवी एकट्याने वर घेणे सोपे नाही. तयार सी अँकर मिळाला नाही तर जाड नायलॉनच्या कापडाचा शंकू शिवून घेता येतो. दप्तरे किंवा ताडपत्री शिवणारा कारागीर हे काम करतो. लांबी व्यासाच्या सव्वापट, मागचे भोक आठ-दहा सेंटिमीटर, तोंडाच्या काठाला खाली थोडे वजन आणि वर एक तरंगी ठेवावी, म्हणजे तोंड उघडे आणि सरळ राहते. मुख्य दोराला फिरती कडी लावायला विसरू नये, नाहीतर पिशवी गिरक्या घेते आणि दोराला पीळ बसत जातो.

माझ्या मते आकारापेक्षा दोर कोठे बांधला आहे याला जास्त महत्त्व आहे. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बांधल्यास बोट वाऱ्याकडे तोंड करून मागे सरकते. वाऱ्याला अंग कमी मिळते, वेग सर्वांत कमी होतो आणि लाटा पुढून कापल्या जातात. बोटीच्या मधोमध बांधल्यास ती वाऱ्याला आडवी राहते. त्यामुळे बोटीवरच्या प्रत्येकाला स्वतःचे पाणी मिळते, पण वेग वाढतो आणि लाटा कुशीवर बसून बोट डोलते, म्हणून ही रीत लाट अगदी लहान असतानाच वापरावी. दोन्हींचा मेळ हवा असल्यास नाळेच्या दोराला दीड-दोन मीटर पुढे दुसरा दोर जोडून त्याचे टोक मधल्या कडीला न्यावे; हा दोर आखडला की बोट अधिक आडवी होते, सैल सोडला की नाळ वाऱ्याकडे वळते. मागच्या बाजूला मात्र कधीही बांधू नये. तेथे इंजिनचे वजन असते, काठ खाली असतो आणि आलेली लाट थेट आत येते.

टाकण्यापूर्वी मासे जेथे असतील असे वाटते त्या जागेच्या वाऱ्याकडच्या बाजूला थोडे पुढे जावे, इंजिन बंद करावे आणि वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूने पिशवी पाण्यात सोडावी. पहिल्याच वेळी मी ती सोयीची वाटली म्हणून दुसऱ्या बाजूने टाकली होती; बोट वाहत जाऊन तिच्यावर चढली आणि दोर पंख्याला गुंडाळला गेला, मग उरलेली दुपार तो सोडवण्यातच संपली. पिशवी भरली की सहा ते दहा मीटर दोर हळूहळू सोडावा आणि त्या वेळी वेटोळ्यात पाय येणार नाही हे पाहावे. वेग किती उतरला हे फोनच्या जीपीएसवर कळते; ताशी एक किलोमीटरच्या आत आला तर तळाशी आमिष नीट काम करते.

मागे ओढली जाणारी आमिषेही वाऱ्याच्याच बाजूला राहतात, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. म्हणून सी अँकर नाळेकडे ठेवून गळ बोटीच्या मागच्या अर्ध्या भागातून टाकावेत. मोठा कटला दोराकडे धावला तर पिशवीच्या मागच्या टोकाला बांधलेली बारीक दोरी ओढावी. ही दोरी मुख्य दोरापेक्षा दोन-तीन मीटर लांब आणि सैल असावी लागते. ती ओढली की पिशवी उलटते, पाणी निसटते आणि रिकामे कापड सहज वर येते. मुख्य दोर ओढून भरलेली पिशवी वर घेण्याचा हट्ट कंबरेला महाग पडतो.

उजनीत पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, यावरून पाण्याखाली काय काय असेल याची कल्पना यावी. बुंधे, भिंती आणि मच्छीमारांची जाळी यांत पिशवी अडकते, तेव्हा दोन पुरुष खोलीपेक्षा कमी पाण्यात ती टाकू नये, जाळ्यांच्या तरंगींपासून लांब राहावे आणि दोर कापायला सुरी हाताशी ठेवावी. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे परवानगी आधी घ्यावी.

कोकणातल्या खाडीत हेच साधन नेणाऱ्यांनी एक फरक समजून घ्यावा. सी अँकर पाण्याला धरतो, जमिनीला नाही. ओहोटीचे पाणी वेगाने जात असेल तर तो बोटीलाही त्याच वेगाने घेऊन जातो.

वळवाचे ढग दिसले तर मासा लागत असला तरी पिशवी वर घेऊन काठ गाठावा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या याच पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेट निघाल्यापासून उतरेपर्यंत अंगावरच असावे. इंजिन बंद पडून वाऱ्यात सापडल्यास मात्र सी अँकर नाळेलाच बांधून जास्तीत जास्त लांब सोडावा, म्हणजे मदत येईपर्यंत बोटीचे तोंड लाटेकडे राहते.