उभी राहिलेली जुनी कॅम्पर व्हॅन पुन्हा चालती करताना

बरीच वर्षं एका जागी उभी असलेली कॅम्पर ताब्यात आली की पहिला हात गाद्या, पडदे आणि सनमायकाकडे जातो. तो आवरा. छत गळत असेल तर नवं लाकूडकाम एका पावसाळ्यात फुगतं. म्हणून आधी गळती, मग डिझेल आणि इंजिन, मग ब्रेक, मग वायरिंग आणि लाकूडकाम सर्वांत शेवटी. इथं डोळ्यांपुढे आहे ती जुन्या टेंपो ट्रॅव्हलरवर बांधलेली, मेकॅनिकल पंपाची डिझेल गाडी. कॉमन रेल इंजिन, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणारं, असेल तर इंधनाच्या पाइपांना स्वतः पाना लावू नका, तिथं दाब हजार बारच्या वर जातो. आणि पैसे देण्यापूर्वी चासी नंबर आरसीशी जुळवा, गाडी आरसीवर कॅम्पर म्हणून चढली आहे का ते बघा. आत पलंग आणि कागदावर प्रवासी बस, अशी गाडी आरटीओत अडकते.

गळती शोधताना छतावरच्या डागावर विश्वास ठेवू नका. पाणी शिरतं एकीकडे, आतल्या पट्टीवरून वाहत जातं आणि टपकतं हातभर लांब. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं, तेही खालून वर: आधी खिडक्यांची रबरं, मग छताच्या कडेचं गटार, मग छतावरचा पंखा, शेवटी सोलर पॅनलचे बोल्ट. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत गळतीवर सिलिकॉनचे थरावर थर चढवलेले असतात. ते पूर्ण खरवडून, सॉल्व्हंटनं पुसून काढा, कारण उरलेल्या सिलिकॉनवर पुढचं काहीच चिकटत नाही. पंख्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट वापरा. आतलं प्लाय टोच्यानं टोचून बघा; टोच्या लोण्यात जावा तसा गेला तर तो तुकडा कापूनच काढायचा. उष्णता अडवायला भिंतीत भरलेलं ओलं ग्लासवूलही फेकून द्या, ते पत्रा आतून गंजवतं. गंज तारेच्या ब्रशनं उजळ पत्र्यापर्यंत घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. गंजावर पुटी भरणं म्हणजे भोक झाकणं. जमिनीला आयएस 710 या भारतीय मानकाचा 12 मिलिमीटर मरीन प्लाय घ्या.

आता डिझेल. जुनं डिझेल टाकीतून पूर्ण काढा. तळाशी पाणी साठतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. नुसते फिल्टर बदलले तर नवेही लगेच चोंदतात. टाकी उतरवून धुवा, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) जाळी साफ करा, मगच दोन्ही फिल्टर बदला. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे रबरी पाइप सरसकट नवे घाला. कडक झालेला पाइप डिझेल गळवत नाही, हवा ओढतो. बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. यातच लोक नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आणि पंप विनाकारण उघडून बसतात. आधी फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे दिसले तर दोष त्या पाइपाच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

स्टार्टर मारण्यापूर्वी ऑइल बदला आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढून भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. ते मोकळं झालं की प्लग बाहेर असतानाच पुन्हा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साठलेलं ऑइल बाहेर पडेल. प्लग मल्टिमीटरवर तपासा: चांगल्याचा रोध एक ओमच्या आसपास किंवा कमी असतो, मेलेला काहीच दाखवत नाही. टर्बो नसलेल्या ओएम 616 या मर्सिडीज आराखड्याच्या इंजिनाला टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडायचं, अंतर थंड असताना इनटेकला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.30 मिलिमीटर.

डिझेलच्या पाइपांत शिरलेली हवा (एअर) काढताना फिल्टरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करून हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा, मग पंपावरचा. शेवटी स्टार्टर मारत नोझलचे नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा आणि लगेच आवळा. बोट किंवा तळहात जवळ नेऊ नका, ती धार कातडीत घुसते. स्टार्टर दहा सेकंदांवर नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नकोच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यानं व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. रबरी ब्रेक पाइप आतून फुगला तर दाब चाकाकडे जातो पण परत येत नाही, आणि ड्रम तापतो. सगळे पाइप आणि व्हील सिलिंडरचे किट बदला, नवं ऑइल भरून मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून, हवा काढा. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018चा 23वा आठवडा. सहा-सात वर्षांवरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

वायरिंगमध्ये घरची एकतारी वायर सापडली तर काढून टाका, गाडीच्या हादऱ्यांनी ती आतून तुटते. जाडीही मोजा. फ्रिज 5 अँपिअर घेत असेल आणि बॅटरीपासून 6 मीटरवर असेल, तर 1.5 चौरस मिलिमीटर वायरीत जाऊन-येऊन 0.7 व्होल्ट हरवतात आणि बॅटरी उतरलेली नसतानाही फ्रिज बंद पडतो. 4 चौरस मिलिमीटरमध्ये तीच घट 0.26 व्होल्ट. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. लिथियम बॅटरी घालणार असाल तर ती अल्टरनेटरला थेट जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरमधून ओढला जाणारा करंट मर्यादित ठेवणारा) लावा; नाहीतर अल्टरनेटर तापून जळतो.

पाण्याच्या 100 लिटर टाकीला 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 100 मिलिलिटर घाला, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवून दोनदा धुवा. गॅसचा रबरी पाइप आणि रेग्युलेटर नवा घ्या, सांधे साबणाच्या फेसानं तपासा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच.

पहिली फेरी रिकाम्या गाडीनं, गावाजवळच, घाट टाळून काढा. वीसेक किलोमीटरांनी थांबून चारही हबांजवळ हात न टेकवता न्या. एखादंच जास्त धगधगत असेल तर तो ब्रेक अडकतोय. परतल्यावर वॉटर सेपरेटरचं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचं) पाणी काढा आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा.