सरकारी इमारतीभोवतीच्या कुंपणाचे फोटो काढताना

आधी फलक वाचा. छायाचित्रणास मनाई असेल तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या. नसेल तरी सार्वजनिक पदपथ सोडू नका. ट्रायपॉड लावला की चौकशी होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे कॅमेरा हातात धरलेला बरा.

कुंपण हाच विषय असेल तर त्याच्याशी तिरकं उभं राहा. गज एकामागे एक दाटत जातात आणि अडवणूक डोळ्यांना जाणवते. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११, शटर १/२५० सेकंद. ऑटोफोकस जाळीतून निसटून मागच्या भिंतीवर बसतो, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून खांबावर किंवा कुलपावर ठेवा.

उलट जाळी गायब करून इमारत हवी असेल, तर ८५ मिमी किंवा त्याहून लांब लेन्स, एफ/२.८, आणि लेन्स जाळीच्या जमेल तितकी जवळ. मात्र टेकवू नका. काही कुंपणांवर कंपन ओळखणारे सेन्सर असतात. एवढं करूनही फोटो धुरकट आला, तर बहुधा जाळीवर ऊन आहे. सावलीतला भाग शोधा.

बारीक जाळीवर लाटांसारखे पट्टे उमटले तर एक-दोन पावलं मागेपुढे व्हा. कधीकधी ते फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावरच दिसतात. फोटो १०० टक्के मोठा करून पाहा, मगच पुसा.