आउट ऑफ स्टेट ऑनर्सचा अर्ज: या चुका टाळा

अमेरिकेतल्या परराज्यातल्या एका विद्यापीठाला आमच्या लेकीचा अर्ज ३१ ऑक्टोबरच्या रात्री गेला. दिवाळी तोंडावर होती, मी चकल्या तळत होते, ती जिन्यातूनच ओरडली, "आई, सबमिट केलं!" कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची वेबसाइट) हिरवी खूण दिसली आणि आमच्या दृष्टीने काम संपलं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिने सहज त्या विद्यापीठाचं पोर्टल उघडलं, तर तिथे ऑनर्ससाठी, म्हणजे होतकरू मुलांच्या छोट्या वर्गांच्या खास कार्यक्रमासाठी, वेगळा टॅब होता आणि त्यात दोन निबंध मागितले होते. मुदत पाच दिवसांपूर्वी संपलेली. सूचनेचा मेल आला होता, पण तो तिच्या शाळेच्या ईमेलवर पाठवलेला, आणि शाळेच्या यंत्रणेने बाहेरचा मेल म्हणून तो आत येऊच दिला नव्हता.

तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये ओळखीतल्या बारावीच्या मुलांच्या आईवडिलांना मी आपणहून फोन करते. चुका त्याच त्याच होतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: मार्क चांगले असले की ऑनर्स आपोआप मिळतं, असं आपण धरून चालतो. खरं तर तो बहुतेक ठिकाणी दुसरा अर्ज असतो. त्याची तारीख वेगळी, वाचणारी माणसं वेगळी आणि पैशांचं गणितही वेगळं.

सगळीकडे एकच पद्धत असेल असं समजणं

पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजला वेगळा अर्ज आणि वेगळे निबंध लागतात. मेरिलँडमध्ये (कॉलेज पार्क) वेगळा अर्ज नाही, मुख्य अर्जातूनच निवड होते. पण तो १ नोव्हेंबरच्या अर्ली ॲक्शनला, म्हणजे लवकरच्या फेरीला, गेलेला हवा. 'नंतर रेग्युलरच्या फेरीला टाकू' म्हटलं की ऑनर्स जवळजवळ हातचं गेलं. जॉर्जिया टेकमध्ये आधी प्रवेश मिळतो, मग ऑनर्ससाठी अर्ज करायचा. टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये 'प्लॅन टू' हा १९३५ पासून चालत आलेला ऑनर्सचा अभ्यासक्रमच आहे. तो मेजर (मुख्य विषय) म्हणून निवडावा लागतो आणि त्याचं लेखन वेगळं द्यावं लागतं.

म्हणून ऑगस्टमध्ये एक तक्ता करा. विद्यापीठ, मुख्य अर्जाची तारीख, ऑनर्सची तारीख, ऑनर्सचे निबंध आणि स्कॉलरशिपची तारीख, असे पाच रकाने पुरेत. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, त्यामुळे मोठ्या बहिणीच्या वेळच्या तारखेवर विसंबू नका. आणि ईमेल मुलाचा खासगीच द्या, शाळेचा नको. अर्ज गेल्यावर दोन-तीन दिवसांत पोर्टलची लॉगिन माहिती येते. ती आली नाही तर स्पॅम पाहा, तिथेही नसेल तर प्रवेश कार्यालयाला विचारा. पोर्टल उघडल्यावर प्रत्येक टॅबवर क्लिक करा. आमचं नेमकं तेवढंच राहिलं.

परराज्यातल्यांच्या जागा मोजक्या असतात, हे विसरणं

ही विद्यापीठं त्या त्या राज्याच्या करदात्यांची आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिलमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात परराज्यातले विद्यार्थी १८ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम १९८० च्या दशकापासून आहे. ऑस्टिनमध्ये टेक्सासच्या मुलांसाठी ९० टक्के जागा कायद्याने राखलेल्या असतात. म्हणजे 'मोठ्या विद्यापीठात नाही मिळालं तर तिथलं ऑनर्स आहेच' हा हिशेब तिथे चालत नाही, कारण न्यू जर्सीच्या मुलाला तिथे साधा प्रवेश मिळणंच अवघड. यादीत अशी नावं जरूर ठेवा, पण सेफ्टी (जवळजवळ हमखास प्रवेशाचं ठिकाण) म्हणून ठेवू नका. दोन-तीन ठिकाणं अशी हवीत जिथे परराज्यातल्या मुलांना मनापासून बोलावतात. अलाबामा विद्यापीठ मार्कांच्या ठरलेल्या कोष्टकावरून परराज्यातल्यांना स्कॉलरशिप देतं. तिथे काय मिळेल याचा अंदाज अर्जाआधीच येतो.

निबंधात प्रमाणपत्रांची यादी मांडणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपली मुलं सर्वांत जास्त इथेच अडतात.

ऑनर्सचे निबंध बहुतेक त्या कॉलेजातले प्राध्यापक आणि कर्मचारी वाचतात. मार्क, रोबोटिक्सचं पदक, पियानोच्या परीक्षा हे सगळं मुख्य अर्जात आलेलं असतं. यांना पाहायचं असतं ते एवढंच, की हे मूल पंधरा जणांच्या वर्गात बसलं तर काय विचारेल? कुणी न सांगता ते एखाद्या गोष्टीच्या मागे लागतं का?

ओळखीतल्या एका मुलीचा पहिला खर्डा माझ्याकडे आला होता. सुरुवातच 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे' अशी, आणि पुढे सहा स्पर्धा. मी तिला विचारलं, "तू रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवतेस ना, तिथे अलीकडे कशाने अडलीस?" ती पटकन म्हणाली, "एका मुलाने विचारलं, ताई, आयपॅड तो, ती की ते? मला सांगताच येईना." मग तिने काय केलं? घरी आईबाबांना विचारलं, पुण्याच्या आजीला विचारलं, मैत्रिणींच्या घरी विचारलं. बस ती, फोन तो, टेबल ते, यावर सगळ्यांचं एकमत. पण काही नव्या शब्दांवर घराघरात वाद. तिने वहीत तक्ताच केला होता. इंग्रजीत या शब्दांना लिंग नाही, मग मराठीत येताना ते कोण ठरवतं, हा प्रश्न ती दोन महिने डोक्यात घेऊन फिरत होती, आणि निबंधात त्याचा एक शब्द नव्हता!

तिने निबंध त्याच प्रश्नापासून नव्याने लिहिला. वहीतला तक्ता, चुकलेले अंदाज आणि अजून न सुटलेला भाग, सगळं त्यात आलं. वाचताना ती मुलगी समोर बसून बोलतेय असं वाटलं.

आईवडिलांनी निबंधाला हात लावू नये. आपण 'सुधारतो' तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज जातो आणि आपला येतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. प्रश्न विचारा, ऐका, पेन त्याच्याच हातात राहू द्या. शिफारसपत्रही सर्वांत जास्त गुण देणाऱ्या शिक्षकांपेक्षा, ज्यांच्या वर्गात मूल तोंड उघडून बोलतं त्यांचं घ्या. आणि ते अकरावी संपतानाच मागा.

पैशांबद्दल आशेवर राहणं

ऑनर्सला प्रवेश म्हणजे स्कॉलरशिप नव्हे. काही ठिकाणी उलट ऑनर्सची जादा फी असते. ॲरिझोना स्टेटच्या बॅरेट कॉलेजमध्ये ती आहे. 'एक वर्ष तिथे राहिलं की इन-स्टेट फी, म्हणजे त्या राज्यातल्या मुलांची कमी फी, लागते' हे पॉटलकमध्ये हमखास ऐकू येतं. बहुतेक राज्यांत तसं होत नाही. मूल आईवडिलांवर अवलंबून असेल तर आईवडिलांचं राज्य धरतात, आणि नुसतं शिकायला आलेल्याला रहिवासी मानत नाहीत. पश्चिमेकडच्या राज्यांत राहत असाल तर वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज ही फी-सवलतीची योजना पाहा, तिथे इन-स्टेट फीच्या दीडपटीपर्यंतच भरावं लागतं. मात्र सगळी विद्यापीठं त्यात नाहीत. सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ नाही.

एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या घरी हा हिशेब आणखी नीट करायला हवा. एफएएफएसए या अर्जातून मिळणारी सरकारी आर्थिक मदत त्यांना मिळत नाही. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, बहुतेक मुलं एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि ते नेमकं तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतं. व्हिसा बदलल्यावर स्कॉलरशिप चालू राहील का, हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा.

टिकवायला काय लागतं ते न वाचणं

श्रायरमध्ये राहायला ३.४० जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लागतो, बॅरेटमध्ये ३.२५, आणि दोन्हीकडे शेवटी थीसिस (प्रबंध) लिहावा लागतो. इंजिनीअरिंगच्या मुलाने हे आधीच पाहावं. लवकर कोर्स निवडायला मिळणं, छोटे वर्ग आणि ऑनर्सचं वसतिगृह हे फायदे खरे आहेत, पण थीसिस लिहायची इच्छाच नसेल तर ऑनर्स न घेतलेलं बरं.

चूक होऊन गेली असेल तर

मुदत हुकली असेल तर त्याच दिवशी मेल करा, आणि तो मुलाने स्वतः करावा. बाबांनी फोन करू नये. काय झालं ते दोन ओळीत, कारणांची लांबण न लावता. काही ठिकाणी नंतरची फेरी असते, काही ठिकाणी नसते, पण विचारल्याशिवाय कळत नाही. नकार आला असेल तर अपिलात फार जीव घालवू नका. कॉलेजात शिकत असलेल्या मुलांना आत घेण्याची सोय आहे का ते शोधा. श्रायर आणि बॅरेट दोन्हीकडे ती आहे. पहिल्या सत्राचे गुण आणि ओळख झालेल्या एखाद्या प्राध्यापकांचं पत्र, एवढी तयारी त्याला लागते.

आमची लेक तशीच दुसऱ्या वर्षी ऑनर्समध्ये गेली. तिला पत्र देणारे प्राध्यापक तिला पहिल्या सत्रात ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, भेटले होते. दर मंगळवारी ती त्यांच्याकडे एक प्रश्न घेऊन जायची.