देशाच्या पर्यावरणाचे जुने आकडे वाचताना या चुका टाळा

एखाद्या देशाने गेल्या ६० वर्षांत किती कोळसा जाळला, किती खनिज उपसलं, जंगल किती उरलं याचे तक्ते आता कुणालाही फुकट मिळतात. फाइल डाउनलोड करायची, एक्सेलमध्ये उघडायची आणि आलेख काढायचा. घोळ होतो तो यानंतर. आलेखात मध्येच एखादी उडी किंवा खड्डा दिसतो आणि आपण लगेच त्याची कारणं रचायला बसतो: अमुक धोरण आलं, तमुक सरकार गेलं. खूपदा देशात तसं काहीच घडलेलं नसतं. मोजणाऱ्याने मोजायची रीत बदललेली असते, एवढंच.

भारताच्या वनक्षेत्राचंच घ्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९९९ च्या अहवालात ते साधारण ६.३७ लाख चौरस किलोमीटर आहे, २००१ च्या अहवालात ६.७५ लाख. म्हणजे दोन वर्षांत जवळपास केरळएवढं जंगल उगवलं? तसं नाही. १९९९ पर्यंत १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरत, त्यात २५ हेक्टरांहून लहान तुकडा धरलाच जात नसे. २००१ साठी उपग्रहचित्रांचं वाचन पूर्णपणे संगणकावर झालं, प्रमाण १:५०,००० झालं आणि १ हेक्टरचा तुकडाही मोजणीत आला. ती झाडं आधीही तिथेच उभी होती. शिवाय जमिनीवर झाडांच्या फांद्या-पानांचं छत्र १० टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन कुणाची, कशासाठी वापरतात हे या मोजणीत बघत नाहीत, त्यामुळे फळबागाही त्यात येतात. अशा ठिकाणी रेघ सलग ओढू नका. १९९९ पाशी तोडा, २००१ पासून दुसऱ्या रंगाने सुरू करा आणि खाली एका ओळीत कारण द्या. ‘इतक्या टक्क्यांनी वाढ’ हे गणित तर या दोन आकड्यांवर करूच नका.

पण प्रत्येक खड्डा खोटा असतो असंही नाही. ब्रिटनच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या आलेखात १९२६ ला एक खोल खड्डा आहे. तो शंभर टक्के खरा आहे. त्या वर्षी कोळसा खाणींमधला संघर्ष मे महिन्यापासून कित्येक महिने चालला आणि कोळसा वरच आला नाही. ओळखायचं कसं? वेगळ्या यंत्रणेने ठेवलेली दुसरी नोंद बघायची: खाणींचं उत्पादन, रेल्वेची मालवाहतूक, आयात. तिथेही तोच खड्डा असेल तर तो खरा मानायला हरकत नाही.

उडीपेक्षा फसवी असते ती फार गुळगुळीत रेघ. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगाच्या जंगलांचं मूल्यमापन काही वर्षांच्या अंतराने करते. १९९०, २०००, २०१०, २०१५, २०२० हे त्यातले टप्पे. मधल्या वर्षांचे आकडे बहुतेक वेळा दोन टप्प्यांमधला फरक समान वाटून भरलेले असतात, म्हणून रेघ पट्टी लावून आखल्यासारखी दिसते. असे १० आकडे म्हणजे १० मोजण्या नव्हेत. त्यांचा पावसाशी किंवा विकासदराशी सहसंबंध काढला तर उत्तर येतं, पण त्याला काडीचा अर्थ नसतो. तक्त्यात आकड्याशेजारी ‘अंदाजित’, ‘भरलेला’ अशा खुणांचा एक स्तंभ असतो. लोक तो पहिल्यांदा उडवतात. ठेवा तो.

दोन आवृत्त्यांची सरमिसळ ही चूक तर सर्रास होते. इकॉलॉजिकल फूटप्रिंटचे, म्हणजे एखाद्या देशाच्या वापरासाठी किती सुपीक जमीन आणि पाणी लागतं याचे हिशेब १९६१ पासूनचे आहेत, कारण ते ज्या शेतीच्या आकडेवारीवर उभे आहेत ती तिथूनच सुरू होते. पण नवी आवृत्ती आली की फक्त एक नवं वर्ष जोडलं जात नाही. १९६१ पासूनची सगळी वर्षं पुन्हा मोजली जातात. जुन्या फाइलखाली नव्या वर्षाची ओळ चिकटवली की नेमक्या त्या सांध्यावर पायरी तयार होते. चीनने २०१५ मध्ये कोळसा वापराचे मागच्या अनेक वर्षांचे आकडे वाढवले होते. त्याआधीचा तक्ता आणि नंतरची वर्षं जोडलीत तर चीनने एका रात्रीत भट्ट्या वाढवल्या असं वाटेल. फाइलच्या नावातच आवृत्ती आणि डाउनलोडची तारीख लिहून ठेवा.

सीमांचंही तसंच. १९८५ चा ‘रशिया’ हा सोव्हिएत संघ आहे की त्यातून मागाहून वेगळा काढलेला अंदाज? १९९० पूर्वीच्या ‘जर्मनी’त पूर्व जर्मनी धरलाय का? चेकोस्लोव्हाकिया १९९३ ला संपतो आणि तिथून दोन ओळी सुरू होतात. त्याच्या पुढच्या रकान्यांत एक्सेलने रिकाम्या जागेचं शून्य केलं, तर देशाचं प्रदूषण एका फटक्यात संपल्याचं दिसतं!

दोन स्रोतांचे आकडे जुळत नसतील तर डोकं खाजवण्याआधी एकाला दुसऱ्याने भागा. भागाकार दर वर्षी ३.६७ च्या आसपास आला तर एकाने कार्बन मोजलाय, दुसऱ्याने कार्बन डायऑक्साइड. १.१ आला तर अमेरिकी छोटा टन, म्हणजे ९०७ किलोचा, तपासा. नैसर्गिक वायूच्या ऊर्जेत १.१ आला तर उष्मांक मोजायच्या दोन पद्धतींचा (जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णता धरायची की नाही) तो फरक असतो. भागाकार दर वर्षी थोडा हलत असेल तर वर्ष कुठून सुरू होतं ते बघा. भारतातले कोळशाचे सरकारी आकडे एप्रिल ते मार्चचे असतात.

याहून अवघड चूक म्हणजे हिशेब कुणाच्या नावावर पडला हे न बघणं. देशांतर्गत सामग्री वापर म्हणजे उत्खनन अधिक आयात वजा निर्यात. सरळ वाटतं. आता चिलीचं तांबं बघा. तिथल्या खनिजात तांबं सरासरी १ टक्क्याहूनही कमी असतं, म्हणजे १ टन तांब्यासाठी १०० टनांहून जास्त खनिज खणावं लागतं. बाहेर जातो तो १ टन. उरलेलं सगळं वजन चिलीने ‘वापरलं’ म्हणून चिलीच्याच खात्यात राहतं आणि तांबं विकत घेणारा देश कागदावर काटकसरी ठरतो. हे सुधारण्यासाठी ‘मटेरियल फूटप्रिंट’ हे मोजमाप आहे, ते ओझं वापरणाऱ्याच्या नावावर टाकतं. मात्र त्यात व्यापाराची गणिती प्रारूपं, म्हणजे अंदाज, वापरलेली असतात, त्यामुळे त्याच्या लहानसहान चढउतारांवर फार विसंबू नका. आणि एकाच आलेखात एका देशाचं एक मोजमाप आणि दुसऱ्याचं दुसरं, असं तर अजिबात करू नका.

दरडोई आकडा घसरला तर आधी एकूण आकडा आणि लोकसंख्या वेगवेगळी काढून बघा. दरडोई जैवक्षमता (देशाची जमीन आणि पाणी माणशी किती पिकवू शकतात ते) कमी झाली की ‘जमीन नापीक झाली’ असे मथळे येतात, प्रत्यक्षात पीक वाढलेलं असतं, पण माणसं त्याहून जास्त वाढलेली असतात. जनगणनेनंतर मागच्या वर्षांची लोकसंख्याही सुधारली जाते. म्हणजे छेद बदलतो आणि अंश तसाच राहतो.

शेवटचं वर्ष बहुधा तात्पुरतं असतं. ते आलेखात ठेवायचं असेल तर तुटक रेघेने दाखवा, आणि घसरणीची बातमी पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबवा.