पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) करायचंय? ठाण्यातून निघण्याआधी एवढं ऐका

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली, तेव्हापासून ऐरोलीच्या ऑफिसात मला हमखास विचारतात, "आता विमानतळ दारात आलाय, मग शिकायला धुळ्याला कशाला जायचं?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण मोठ्या विमानतळाची धावपट्टी मिनिटामिनिटाच्या हिशेबाने वाटलेली असते. शिकाऊ माणसाला लागते अशी जागा, जिथे तासाभरात उतर-चढ, उतर-चढ करत गोल गोल फिरलं तरी कुणाचा खोळंबा होत नाही. एके काळी मुंबईत त्यासाठी जुहू होतं. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना 10 फेब्रुवारी 1929 ला जे. आर. डी. टाटांना मिळाला, ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्येच शिकले. आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं दिसतात आणि त्या क्लबचं विमानशिक्षण धुळ्याला चालतं. शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया इथेही सोय आहे. आपल्याला ठाणेकरांना धुळं त्यातल्या त्यात सरळ पडतं. माजिवड्याला मुंबई-आग्रा रस्ता धरला की कसारा घाट, नाशिक, मालेगाव आणि मग धुळंच.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. वैमानिक म्हणून नोकरी करायची असेल तर पीपीएलवर थांबायचा विचारच करू नका, पहिल्या दिवसापासून सीपीएलची, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याची, तयारी धरा. त्याला वय 18, फिजिक्स-मॅथ्ससह बारावी, क्लास 1 मेडिकल आणि 200 तासांचं उड्डाण लागतं. पीपीएलला वय 17, दहावी पास, क्लास 2 मेडिकल आणि किमान 40 तास पुरतात. पीपीएलचे तास पुढे सीपीएलसाठी धरले जातात, पण लेखी पेपर पुन्हा वेगळे द्यावे लागतात. आणि पीपीएलवर उडताना कुणाकडून मोबदला घेता येत नाही. हा शुद्ध हौसेचा परवाना आहे. आमची आई अजूनही विचारते, "एवढे लाख घातलेस, मग पगार कधीपासून सुरू?" या प्रश्नाला घरी काय उत्तर द्यायचं ते आधीच जमवून ठेवा.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना माझं खरं सांगणं एवढंच आहे की शनिवार-रविवारचं उड्डाण करू नका. ऐकायला सोयीचं वाटतं. शुक्रवारी लॅपटॉप बंद करायचा, खोपटहून रात्रीची एसटी पकडायची, सकाळी विमानात बसायचं. होतं असं की झोप झालेली नसते, सकाळी धुरकं असतं, ते निवळेपर्यंत वारा सुटतो, तुमचा नंबर दुपारवर जातो आणि दुपारी इन्स्ट्रक्टर म्हणतो, आज राहू दे. पुढचा योग दोन-तीन आठवड्यांनी येतो. तोवर हाताची सवय मोडलेली असते आणि तासातला निम्मा वेळ मागचं उजळण्यात जातो. 40 तासांचे बघता बघता 60 होतात. ताशी बारा हजार धरले तरी 4 लाख 80 हजारांचे 7 लाख 20 हजार झाले, आणि राहणं, खाणं, परीक्षा, मेडिकल यांचे पैसे यात नाहीत. त्यापेक्षा कागदपत्रं, मेडिकल आणि लेखी परीक्षा घरी बसून उरकायच्या आणि मग दोन-तीन महिने बिनपगारी रजा काढून एकदम जायचं. बिनपगारी रजेचा आकडा आधी छातीत धडकी भरवतो, पण कागदावर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून बघा.

महिना निवडताना ऑक्टोबर ते फेब्रुवारी बघा. पावसाळ्यात ढग खाली येतात आणि नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या शिकाऊ विमानाला किमान पाच किलोमीटर दिसावं लागतं. एप्रिल-मेमध्ये खानदेशचं ऊन काय असतं ते ठाण्यात बसून कळणार नाही. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही दमतं, धावपट्टीवर धाव लांबते. अकरानंतर जमिनीवरून गरम झोत उठायला लागले की विमान असं हादरतं की शिकणं बाजूला राहतं.

कागदपत्रांत आपली मराठी माणसं नेमकी नावात अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्येच कुठेतरी. डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षेसाठी आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, तिथे हा घोळ वर येतो. सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या, मगच अर्ज भरा.

त्याच्याही आधी मेडिकल. संस्थेला एक रुपया देण्याआधी क्लास 2 करून घ्या. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्याच संकेतस्थळावर असते. चष्मा असला तर घाबरायचं कारण नाही. ईसीजी, रक्त-लघवी, कान हे सगळं होतं, पण माणसं अनपेक्षितपणे अडकतात ती रंगांच्या ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायच्या चाचणीत. रंगदोष असलेल्या कित्येकांना चाळिशीपर्यंत त्याचा पत्ताच नसतो. गाडीचं लायसन्स काढताना नाही कळलं, तर कळायचं कुठे?

लेखी परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. पीपीएलला नियम, नेव्हिगेशन, हवामान आणि तांत्रिक असा मिळून एकच पेपर असतो, पास व्हायला 70 टक्के लागतात. नोकरदार माणसाचा रोज रात्री तासभर अभ्यास होत असेल तर निघतो. नियम पाठ करावे लागतात, बाकीचं समजून घेतलेलं बरं, कारण नेव्हिगेशन पुढे खरोखर वापरायचं असतं. साठास एकचा नियम तेवढा आत्ताच डोक्यात ठेवा. 60 मैल गेल्यावर एक मैल बाजूला सरकला असाल तर दिशा एका अंशाने चुकली आहे.

रेडिओ हे वेगळं प्रकरण आहे. त्याचा परवाना वेगळा. आधी ते काम दूरसंचार विभागाकडे असायचं, 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते डीजीसीएकडे आणलं. अवघड इंग्रजी लागत नाही, ठरावीक साच्यातलं बोलणं आहे. पण समोरून भराभर आलेली सूचना डोक्यात धरून तीच परत म्हणून दाखवायची असते, त्याच वेळी विमानही सांभाळायचं असतं. याचा सराव मोठ्याने केल्याशिवाय होत नाही. मी ठाणे स्टेशनच्या पुलावरून चालताना पुटपुटायचो. लोक बघतात, पण मुंबईत कुणाला वेळ असतो!

संस्था निवडताना किती विमानं आहेत असं विचारू नका, आज किती उडताहेत ते विचारा. हँगरमध्ये पाच उभी असतील आणि त्यातली तीन सुट्या भागांची वाट बघत असतील. विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, एका विद्यार्थ्याला आठवड्यात सरासरी किती तास मिळतात, हे ऑफिसात विचारू नका, मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांना विचारा. सगळी फी एकरकमी भरायला सांगत असतील तर नम्रपणे हप्ते मागा. एकट्याने उडण्याआधी स्टुडंट पायलट लायसन्स लागतं, ते संस्थेतच परीक्षा घेऊन मिळतं, त्याला वय 16 पुरतं.

आता विमान. मी शिकलो ते सेसना 172, चार जणांचं, पंख डोक्यावर. पहिले काही दिवस उडण्यापेक्षा विमानाभोवती फिरण्यातच जास्त शिकायला मिळतं. पंखाखालच्या झडपेला छोटा पारदर्शक पेला लावून इंधन काढायचं. एव्हीगॅस हलकं निळं असतं आणि पाणी जड असल्यामुळे पेल्याच्या तळाशी थेंब होऊन बसतं. ते जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं. फसगत कुठे होते तर पेला पूर्ण पाण्यानेच भरला असेल तेव्हा. तळाशी वेगळा थेंब दिसतच नाही आणि सगळं कसं स्वच्छ वाटतं! म्हणून पेला प्रकाशात धरून निळा रंग आहे ना, ते बघायचं, वासही घ्यायचा. मग शिडीवर चढून टाकीत पट्टी बुडवायची. काट्यावर विसंबायचं नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. त्यावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली की आत भोंगा कण्हतो. विमान स्टॉल व्हायच्या, म्हणजे पंखांची उचल तुटायच्या, बेतात आलं की हवेत हाच भोंगा वाजतो. पन्नाशीचे गृहस्थ पंखाला तोंड लावून उभे आहेत, हे दृश्य पहिल्यांदा पाहताना हसू आवरत नाही.

घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाचे हात जमिनीवर विमान नेतानाही स्टिअरिंग फिरवू पाहतात. काही उपयोग नाही, जमिनीवर वळायचं पायांनी. टेकऑफला पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं, कारण नाकावरचा पंखा बसल्या जागेवरून पाहिलं तर उजव्या अंगाने फिरतो आणि त्याने मागे फेकलेली हवा विमानाला वळसा घालत शेपटीवर डावीकडून आपटते. म्हणून उजवा पाय. पहिल्या आठवड्यात "राइट रडर!" इतक्या वेळा ऐकाल की झोपेत पाय दाबला जाईल.

लँडिंगला 65 नॉटवर यायचं, म्हणजे ताशी साधारण 120 किलोमीटर, समृद्धी महामार्गाची वेगमर्यादा. वेग जास्त राहिला तर विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, बसतच नाही. कमी झाला तर आपटतं. नवशिक्याची नजर नाकासमोरच्या डांबराला चिकटते, मग जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात दचकून मागे ओढले जातात. माझा इन्स्ट्रक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो म्हणायचा, "दादा, खाली काय बघताय? त्या टोकाला बघा." धावपट्टीच्या पार टोकाकडे पाहिलं की आपण किती उंचीवर आहोत ते कडेच्या नजरेला आपोआप कळतं. मग नाक हळूहळू वर धरत राहायचं आणि विमानाला एवढ्यात टेकायला नको म्हणत राहायचं. कुठे काही बिनसलं वाटलं की पॉवर देऊन पुन्हा वर. त्यात कसलाही कमीपणा नाही. उलट जो शिकाऊ स्वतःहून गो अराउंड घेतो, त्याला एकट्याने सोडायला इन्स्ट्रक्टर लवकर तयार होतो. एकटे जाल तेव्हा शेजारचं वजन नसतं, विमान नेहमीपेक्षा भराभर चढतं आणि वळायची जागा तुमच्या अंदाजाआधी येते. हे कुणी आधी सांगत नाही.

परवान्याआधी एकट्याने किमान 150 सागरी मैलांची फेरी करावी लागते, वाटेत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून. सकाळी हवामान, मग वाऱ्याचा हिशेब, मग एडीसी आणि एफआयसी हे दोन नंबर घ्यायचे. पहिला हवाई संरक्षणाची परवानगी, दुसरा उड्डाण माहिती केंद्राचा. ते मिळाल्याशिवाय विमान हलत नाही आणि कधी कधी त्यातच सकाळ जाते. धुळ्याहून निघालात तर वरून ओळखायच्या खुणा चांगल्या आहेत. उत्तरेला तापी, सुरत-भुसावळ लोहमार्ग, दक्षिणेला आग्रा रस्त्याकाठचा लळिंगचा किल्ला, पश्चिमेला साक्रीकडच्या पवनचक्क्या. पांझरेवर मात्र उन्हाळ्यात भिस्त ठेवू नका, वरून पाणी दिसेलच असं नाही. लोहमार्ग कोरडा पडत नाही.

खरेदीचं शेवटी सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. हेडसेट लगेच घेऊ नका, संस्थेचा वापरा, कान कुरकुरायला लागले की मग बघा. गॉगल घ्याल तर पोलराइज्ड घेऊ नका, डिजिटल पडदे त्यातून काळे दिसतात. आणि उड्डाणाच्या दिवशी माउथवॉश वापरू नका. आधी दारू घेतली आहे का ते बघणारी श्वासाची चाचणी असते, त्यात नको ते दिसलं तर तो दिवस गेलाच, वर स्पष्टीकरण देत बसा.